कावळे कठड्यावर होते

आई, तुझ्या दहाव्याला पिंडाला कावळा का शिवला नाही, ते मला कळलं. इतक्या वर्षांनी, माझ्याच घरात, चहाचा ट्रे हातात असताना.

यांच्या ऑफिसातल्या चौघा-पाचजणांना कॅमेऱ्याचं वेड आहे. मे महिना सरला की एका रविवारी ते आमच्याकडे जमतात, सुटीतले आवडते फोटो एकमेकांना दाखवतात आणि कसा काढला ते रंगवून सांगतात. मला त्यात गोडी नाही. रोलच्या पैशात घरची चहापत्ती सुटते, आणि आणतात काय, तर महाबळेश्वरचा सूर्य. यंदाही एकाने तो आणलाच होता. "अरे, सूर्य आला, पण वहिनींचं डोकं उडालं की!" दुसरा म्हणाला. "मुद्दाम उडवलंय," पहिला म्हणाला, आणि सगळे खिदळले.

मग पुण्याहून बदलून आलेल्या एकाने पुठ्ठ्यावर चिकटवलेला मोठा फोटो काढला. "हा जुना, पण माझा सगळ्यात लाडका. तेव्हा सुटीत नाशिक बघायला आलो होतो. वहिनी, तुम्ही पण बघा, तुमचंच रामकुंड." पुढे कठड्यावर चार-पाच कावळे, पंख पसरून एकमेकांवर तुटून पडलेले. मागे, जरा पुसट, मुंडण केलेला आपला दादा हात जोडून उभा. शेजारी दोन वेण्यांतली धाकटी. पायरीवर बसलेली मी. यांनी फोटो हातात घेऊनही ओळखलं नाही.

"कावळे सारखे तिकडे पिंडाकडे जायला बघायचे," तो सांगत होता. "पण तिकडे ऊन नव्हतं. मग शेवेची पुडी फोडली आणि कठड्यावर टाकत राहिलो. रोल संपेपर्यंत एकालाही हलू दिलं नाही."

"आणि मागची माणसं?" मी विचारलं.

"ती काय, थांबली होती बिचारी. त्यांच्यामुळेच तर फोटोत जान आली, वहिनी!"

मला शिसारी आली. अजून येते. त्याच्या पुढ्यातली चिवड्याची बशी मी उचलली. "अगं, खाताहेत ते," हे म्हणाले. "पुष्कळ झालं," म्हटलं आणि आत गेले. देवापुढे बसले तरी हात जोडवेनात.

कारण तो दिवस माझ्यापुढे उभा होता. ऊन चढतंय. गुरुजी सारखे वर बघताहेत. दादा म्हणतो, "आई, दुकान नीट सांभाळीन." कावळा नाही. मी म्हणते, "दर सोमवारी त्र्यंबकला जाईन." नाही. मग मावशी दादाच्या कानाशी लागते, "अरे, हिचा जीव धाकटीत अडकलाय. तिच्या लग्नाचं बोल." दादा मोठ्याने म्हणतो, "वर्षाच्या आत उजवीन हिला." आम्ही सगळे झाडाकडे डोळे लावून बसलोय, आणि पाठीमागे हा माणूस शेव टाकतोय. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

दादा शब्दाला जागला. धाकटीला मास्तरीण व्हायचं होतं, कॉलेजात नावही लागलं होतं. ती वर्षाच्या आत नामपूरला कांदा पिकवणाऱ्यांच्या घरात गेली. नवरा वाईट नाही. पण दिवाळीला आली की दर खेपेला विचारते, "ताई, आईचा जीव निवला असेल ना गं आता?" मी हो म्हणते.

तू आमच्यावर नाराज होऊन गेली नव्हतीस, हे कळल्यावर मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. त्याची किळस वाटत असतानाही बरं वाटलं. पण हे पत्र खरं तर धाकटीला जायला हवं. तिचा पत्ता मला पाठ आहे. "मग मी कशासाठी गेले, ताई?" असं तिने विचारलं तर माझ्यापाशी उत्तर नाही, म्हणून तुला लिहितेय.