दर सेकंदाला टक

४ ऑक्टोबर, शनिवार
येत्या शनिवारी संध्याकाळी पावणेसातला आकाशवाणीच्या सांगली केंद्रावर विजयमालाची मुलाखत! विषय: मक्यातली रानडुकरं कशी थोपवली. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, बायकोचं एक वाक्य चुकवायचं नाही. पण वडूजला आमच्या रेडिओवर दर सेकंदाला टक, टक. मोबाइलवर ऐका म्हणाली. मी सतरा वर्षं मिलिटरीत, सिग्नलला. (कँटीनमध्ये. पण कँटीन सिग्नलचंच.) मी मोबाइलवर ऐकणार?

५ ऑक्टोबर
अँटेना बांधली. शंभर फूट तार. नवे खांब कशाला, मक्याच्या कुंपणाचे आयते आहेत. अर्थिंगही तिथलंच. याला डोकं लागतं. टकटक वाढली, म्हणजे अँटेना पॉवरफुल आहे.
विजयमाला म्हणाली, आवं, कुंपणाच्या तारेत करंट सोडणारं ते झटका मशीन हाय न्हवं, त्याचीच टकटक हाय. तार गवताला लागलीया, तितं ठिणगी उडती. हसलो. मशीन डुकरांसाठी आहे, रेडिओसाठी नाही.

७ ऑक्टोबर
गुन्हेगार सापडला. शेजारचा चांदसाहेब, वेल्डिंगवाला. त्याला सगळं टेक्निकल समजावलं. तो म्हणाला, गड्या, चार दिस झालं, दुकानाला कुलूप हाय, मी फलटणला हुतो. कुलूप लावूनही त्रास देणारी माणसं असतात.

८ ऑक्टोबर
विजयमाला रेकॉर्डिंगला सांगलीला. जातानाही गवत, गवत. डिस्टर्ब करू नकोस, असं बजावलं.

९ ऑक्टोबर, सकाळी
संकल्प: शनिवारपर्यंत चिडायचं नाही.
दुपारी: चिडलो.

११ ऑक्टोबर, ६.३०
मास्टरस्ट्रोक! वायरमनला चहा पाजून अख्ख्या वस्तीची लाइट अर्धा तास बंद करवली. आता ना मिक्सर, ना फ्रिज, ना वेल्डिंग. सगळे आमच्या अंगणात. सेलवरच्या रेडिओला हार घातलाय.

११ ऑक्टोबर, ७.१५
टक. टक. टक.
झटका मशीन बॅटरीवर चालतं. हे लाइट घालवल्यावर आठवलं.
दोन टकांच्या मधून विजयमाला बोलत होती. झकास बोलत होती, ऊर भरून आला. शेवटी निवेदिकेनं विचारलं, शेतकऱ्यांना काय सांगाल? ती म्हणाली, तारेखालचं गवत काडा, न्हाईतर रेडिओत टकटक येती. आन् अँटेना कुंपणाच्या खांबाला बांदू नगा. घरात चारदा सांगून झालं. आमचं मालक फकस्त रेडिओचं ऐकत्यात, म्हणून हितं सांगतीया.
हे मात्र सगळ्यांना स्वच्छ ऐकू आलं. चांदसाहेब सर्वांत मोठ्यानं हसला.
विजयमाला आत गेली आणि खुरपं आणून रेडिओशेजारी ठेवलं.