डॅटसनचे दोन डावे दिवे

३ ऑक्टोबर, सकाळ

ठरलं. माझा नवरा ऑस्विन गेल्यापासून पोर्चमध्ये बंद उभी असलेली त्याची डॅटसन यंदा नाताळच्या सकाळी मला चर्चला घेऊन जाणार. ढकलत नाही, दोरी बांधून नाही. स्वतःच्या चाकांवर. चालवणार मी. ऑस्विननेच शिकवलं होतं, मलाक्काच्या समुद्रकाठी, जेव्हा तिथे समुद्र होता, भराव टाकून मॉल बांधले नव्हते.

काल टेरेन्सचा सिंगापूरहून फोन आला होता. म्हणाला, "ममा, नाताळला चर्चपर्यंत गेली तर ठेव. नाही गेली तर नवीन वर्षात मी भंगारवाल्याला बोलावणार. पोर्चच्या जागी तुला झोपायला खोली बांधू. तुझ्या गुडघ्यांना आता जिना नको." मी म्हटलं, गुडघे उत्तम आहेत. (फोन खाली राहिला होता. मी जिना उतरेपर्यंत तो दोनदा वाजून बंद झाला होता. पण त्यात गुडघ्यांचा काय संबंध?)

मुलगा चांगला आहे. फक्त बापाच्या गाडीला "ते" म्हणतो. "ते काढून टाकू." ती आहे ती. ऑस्विन तिला कधी अरेतुरेसुद्धा करत नसे.

३ ऑक्टोबर, संध्याकाळ

मुनियांडी मेकॅनिक येऊन बघून गेला. कार्ब्युरेटर संपला म्हणतो. "टीचर, हे सामान दुकानात कुठलं मिळायला? आता सगळं मोबाइलवर. लोक घरबसल्या जुने भाग विकतात. पण जरा जपून हं."

जपून! कॉन्व्हेंटमध्ये आयुष्यभर भरतकाम शिकवलं मी. कापड उलटं करून मागचे टाके बघितले की मुलीचा स्वभाव सांगायचे. मला कोण फसवणार?

५ ऑक्टोबर

विक्रेता मिळाला. नाव 'पुआ क्लासिक', राहणार मुआर. कार्ब्युरेटर फोटोत चर्चमधल्या चांदीच्या पेल्यासारखा चमकतोय. मी विचारलं, "स्थिती कशी आहे?" उत्तर आलं, "टिपटॉप, आंटी." बस. थोडक्यात उत्तर देणारी माणसं खरी असतात. भाव कमी करा म्हणून मी खूप कडकपणे लिहिलं. त्याने कमी केला नाही. स्वाभिमानी दिसतो. मला आवडलं.

१२ ऑक्टोबर, सकाळ

पार्सल आलं! मोबाइलवर 'माल मिळाला' हे बटण लगेच दाबलं आणि पाचही तारे दिले. "बांधणी अतिशय सुबक, दोरीच्या गाठी नीटनेटक्या" असंही लिहिलं. आमच्या सिस्टर युजेनी म्हणायच्या, भेट हातात आली की आधी आभार, मग कात्री. पार्सल फोडून, आतलं पारखून मग आभार मानतात ती बाजारातली माणसं.

आता कात्री शोधते.

१२ ऑक्टोबर, दुपार

चांदी म्हणजे रंग आहे. नखाने निघतो. आतल्या भोकात गांधीलमाशीने मातीचं घर बांधलंय. मुनियांडी हसून हसून स्टुलावर बसला. "टीचर, यात पेट्रोल जाणार कुठून? आधी भाडेकरूला नोटीस द्या!"

पुआच्या हे लक्षात आलं नसणार. भोक फार बारीक आहे.

१३ ऑक्टोबर

टेरेन्सने फोनवर समजावलं. आपण 'माल मिळाला' दाबत नाही तोवर पैसे मधल्या कंपनीकडे असतात. दाबलं की ते विकणाऱ्याला जातात आणि आपली तक्रार संपते. "तू उघडायच्या आधीच दाबलंस, ममा?" मी म्हटलं, अर्थात. मग तो म्हणाला, "आणि तारे?" मी म्हटलं, पाच. सहा द्यायची सोय नव्हती.

नियम, आजपासून: न उघडता बटण दाबायचं नाही.

पुआला पत्र लिहिलं. "प्रिय श्री. पुआ, आपण व आपले कुटुंबीय कुशल असाल अशी आशा करते." दुसऱ्या परिच्छेदात भाडेकरूचा उल्लेख, सौम्य पण झोंबेल असा. तिकडून फक्त वर केलेल्या अंगठ्याचं चित्र आलं. डल्सी थेसेरा, माझी शाळेपासूनची मैत्रीण आणि आता शेजारीण, म्हणते, "याचा अर्थ, जा म्हातारे." मला त्यात पश्चात्ताप दिसला. अंगठा किंचित वाकलेला आहे.

२१ ऑक्टोबर

मी म्हटलंच होतं! पुआने आपणहून दुसरा कार्ब्युरेटर देऊ केला. मलाच म्हणून, अर्ध्या किमतीत. मी डल्सीला सांगितलं, याला म्हणतात तंटा सामोपचाराने सोडवणं. डल्सी म्हणाली, "फिलो, याला म्हणतात तोच भाग दोनदा विकत घेणं." शाळेतही तिला शिष्टाचारात कमी मार्क असायचे.

३० ऑक्टोबर

दुसरा कार्ब्युरेटर बसला. गाडी चालू झाली!! दोनदा खोकली, मग गुरगुरली. ऑस्विनचा सकाळचा घसा असाच असायचा. मी पोर्चमध्येच बसून ऐकत राहिले. मुनियांडी म्हणाला, "टीचर, डोळ्यात धूर गेला का?" गेलाच होता. धूर खूप होता.

टेरेन्सला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "बरं. पण मागचे दोन्ही दिवे फुटलेत. दिव्याशिवाय रस्त्यावर नेऊ नकोस." या मुलाला आनंद म्हणून करता येत नाही.

९ नोव्हेंबर

मागच्या दिव्यांची जोडी. पुआकडेच. ओळखीचा माणूस असताना परक्याकडे का जा?

आज पार्सल आलं. बटण दाबलं नाही. कडक राहिले.

९ नोव्हेंबर, दुपार

कात्री सापडत नाहीये. मोबाइल विचारतो, "माल मिळाला का?" गप्प राहिले.

९ नोव्हेंबर, चार वाजता

मोबाइलने तिसऱ्यांदा विचारलं. कुणी इतक्या सभ्यपणे विचारत असताना गप्प बसणं मला जमत नाही. आणि माल मिळालेला होताच. खोटं कशाला बोलू? दाबलं. तारे मात्र चारच दिले. त्याला कळेल.

१० नोव्हेंबर

कात्री सापडली. दोन्ही दिवे डावे आहेत.

तक्रार केली. पुआ लिहितो, "आंटी, फोटोत नीट बघा, दोन्ही चांगले आहेत." बघितले. दोन्ही खरंच चांगले आहेत. यावर त्याला काय म्हणणार?

मुनियांडी म्हणतो, "उजवीकडे उलटा करून बसवला तर रस्ता सोडून आभाळ उजळेल."

१६ नोव्हेंबर

आता लिहिणं पुरे, समोरासमोर. मुआर आणि मलाक्काच्या मधल्या पेट्रोलपंपावर भेटायचं ठरलं. इथे सगळे असले सौदे पंपावरच करतात. उजेड असतो, माणसं असतात, स्वच्छतागृह असतं. काय बोलायचं ते आरशासमोर म्हणून पाहिलं. "श्री. पुआ, मी तुम्हाला सज्जन समजत होते." इथे थांबायचं. त्याला मान खाली घालू द्यायची.

रव्याचा केक केला आहे. रिकाम्या हाताने जाणं बरं दिसत नाही.

१८ नोव्हेंबर

डल्सीच्या गाडीतून गेले. पुआ तिशीतला, बारीक, शर्टाला ग्रीस. मी म्हटलं, "श्री. पुआ, मी तुम्हाला..." तो म्हणाला, "आंटी! तुम्हीच का त्या? माझ्या आईला मी तुमची पत्रं वाचून दाखवतो." पुढचं वाक्य मला आठवेना.

त्याने उजवा दिवा आणला होता. तो डॅटसनचा नाही, पण उजवा आहे. पंपाच्या कठड्यावर बसून त्याने अर्धा केक संपवला. म्हणाला, "आंटी, ते चार तारे... गिऱ्हाइकं विचारतात हो. माझं पोट आहे त्यावर." मला इतकी लाज वाटली! तिथेच मोबाइल काढून पाच केले. मग त्याच्या डिकीत इंजिनचा एक पाण्याचा पंप होता, तोही घेतला. आपला पंप गळतोय असं मुनियांडी म्हणालाच होता.

परत येताना डल्सी म्हणाली, "पैसे परत मागायला गेली होतीस ना?" मी म्हटलं, संबंध सुधारायला गेले होते. ती म्हणाली, "सुधारले. पुढच्या वेळी त्याला घरच लिहून दे."

नाताळला पुआला सहकुटुंब बोलावलं आहे. आमच्याकडे त्या दिवशी दार सगळ्यांनाच उघडं असतं, पण यामागे माझा डाव आहे. भरल्या घरात, सगळ्यांसमोर, मी प्रेमाने वाढत असताना त्याला स्वतःची लाज वाटेल. सिस्टर युजेनी असंच करायच्या. ओरडायच्या नाहीत, चॉकलेट द्यायच्या. आम्ही रडायचो.

२ डिसेंबर

पंप दुसऱ्याच कुठल्या गाडीचा आहे. मुनियांडी म्हणतो, जरा घासून बसवू.

११ डिसेंबर

घासतोय.

१९ डिसेंबर

बसला. गळतोय, पण पूर्वीपेक्षा दुसरीकडून. मुनियांडी म्हणाला, "टीचर, चर्चपर्यंत जाईल. परत यायचं तुमच्या देवाच्या हातात." एवढं पुरे. टेरेन्सची अट जाण्याची आहे, परत येण्याची नाही. त्याला कळवलं. तो म्हणाला, "मी येतो, बघतो."

२५ डिसेंबर, सकाळ

निळा झगा घातला. ऑस्विनची जागा मी घेतली. टेरेन्स शेजारी, डल्सी मागे. पहिल्या फटक्यात चालू! फाटकापर्यंत सुंदर गेली. फाटकात थांबली.

टेरेन्स उतरला. खाली वाकून बघितलं. पाण्याचा ओघळ रस्त्यापर्यंत गेला होता. मला वाटलं, आता म्हणेल, 'बघ, सांगितलं होतं.' तो म्हणाला, "चल ममा, डल्सीआंटीच्या गाडीने जाऊ. उशीर होईल." माझा हात धरून उतरवलं त्याने. गुडघा जरा कुरकुरला. झगा घट्ट आहे म्हणून.

काटेकोर बोलायचं तर फाटक चर्चच्या दिशेलाच आहे. मग गाडी गेली असं म्हणता येईल का, हे टेरेन्सला विचारलं. तो नुसता हसला.

२५ डिसेंबर, संध्याकाळ

पुआ आला. बायको, तीन मुलं, सासू, आणि डबे. मी आमची झणझणीत देबाल करी त्याला तीनदा वाढली, अगदी प्रेमाने. त्याला लाज वाटली का ते नीट कळलं नाही. घाम खूप आला होता. सासूने जाताना केकची कृती विचारली.

जेवण झाल्यावर तो गाडीपाशी गेला. सगळे दरवाजे उघडून बघितले, बंद करताना आवाज ऐकला, खाली झोपून बघितलं. मग चहूबाजूंनी फोटो काढले. दारांच्या मुठींचेसुद्धा! इतक्या मायेने ऑस्विननंतर तिच्याकडे कुणी बघितलं नव्हतं.

२८ डिसेंबर

मार्ग सापडला. टेरेन्सने भंगारवाल्याला पुढच्या आठवड्यात बोलावलंय. पण गाडी त्याच्या आधीच इथे नसेल तर? पुआला लिहिलं. त्याचा लगेच फोन. "मी घेतो ना, आंटी. शब्द देतो, तिचा एकही भाग वाया जाणार नाही."

तिचा एकही भाग! एवढा विचार पोटच्या मुलाने केला नाही.

डल्सीला सांगितलं. तिने माझ्या हातावर हात ठेवला नुसता. शेवटी तिलाही पटलं.

२ जानेवारी

पुआ क्रेन घेऊन आला. कागदावर सही केली. किंमत त्याने ठरवली. मी घासाघीस केली नाही, आपल्या माणसात बरं दिसत नाही. वळणावर गाडीचे मागचे दिवे दिसले. एक लाल, एक नारिंगी. हात हलवला.

टेरेन्सला फोन केला: तुझा भंगारवाला रद्द कर, गाडी सुरक्षित स्थळी हलवली आहे. तो म्हणाला, "कुणाकडे?" नाव ऐकून म्हणाला, "ममा..." आणि मग, "असू दे. तू जेवलीस का?"

२३ जानेवारी

गवंडी आले. पोर्चची फरशी उखडली. तेलाचे डाग होते तेवढ्या चार फरश्या मी बाजूला ठेवायला सांगितल्या. गवंडी म्हणाला, "आंटी, या घाण झाल्यात." मी म्हटलं, माहीत आहे.

१४ फेब्रुवारी

नवी खोली छान आहे. जिना नाही. गुडघे बरे झालेत, म्हणजे मुळात काही नव्हतंच.

पुआला दोनदा लिहिलं, गाडी कशी आहे? दोन्ही वेळा अंगठा.

१९ फेब्रुवारी

सहज मोबाइल बघत होते. 'पुआ क्लासिक'कडे नवीन माल आलाय. दारं, चारही. सीट, पुढची जोडी, "आतून स्वच्छ". काचा. दारांच्या मुठी. "एकाच महिलेने जपून वापरलेली गाडी." हे चूक आहे. एकाच गृहस्थाने. लगेच लिहून कळवलं. त्याने दुरुस्त केलं, तेवढा तो तत्पर आहे.

स्टिअरिंगसुद्धा आहे. खाली लिहिलंय: "डाव्या बाजूला एका जागी झीज, म्हणून स्वस्त." फोटो मोठा करून पाहिला. ऑस्विनचा अंगठा तिथे असायचा. सिग्नलला थांबला की तो तिथे ताल धरायचा, आणि मी म्हणायचे, अहो, पुरे.

पुआला लिहिलं, झीज बरीच दिसते आहे, या भावात जमणार नाही. अगदी कडक. आणि या वेळी त्याने खरंच भाव पाडला! जमायला लागलंय मला. आता घाई न करता एकेक भाग घेत गेले तर सगळी गाडी परत येईल. दारांना जागा लागेल, ती शेवटी. टेरेन्सला इतक्यात सांगायचं नाही. स्टिअरिंग पलंगाखाली सहज मावेल, मी मोजून बघितलं.