चौक शांततेत मोकळा झाला आहे

३ मार्च, सोमवार
कार्यालयाखालच्या चौकात माणसं येऊन बसली आहेत. कारण काय, तर थोरल्या साहेबांनी निवडणूक तिसऱ्यांदा पुढे ढकलली. पुढेच ढकलली ना? रद्द तर केली नाही? लोकांना दम म्हणून नाही.

एकतीस वर्षं या शहराच्या भोंग्यांवर माझा आवाज आहे. पाणी कधी येणार, पूल कधी बंद, सगळं मी सांगते आणि शहर ऐकतं. संचालकांनी सूचना नंबर चार लावायला सांगितलं : नागरिकांनी कृपया आपापल्या घरी जावे. मी जुनं रेकॉर्डिंग लावू दिलं नाही. नव्याने केलं. 'कृपया' काढून टाकलं.

संकल्प : तीन दिवसांत चौक रिकामा.

यांना डॉक्टरांनी चालायला सांगितलं आहे. आजपासून रोज संध्याकाळी जाणार म्हणाले. बरं झालं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून नुसते नकाशे उलगडून बसायचे.

४ मार्च, मंगळवार
तंत्रज्ञ म्हणाला, बाई, दहा हजार तरी असतील. त्याला सुनावलं की या कार्यालयात आकडा एकच, संचालक देतील तो. संचालकांनी चारशे दिला, तेही बाहेरून आणलेले. खिडकीतून पाहिलं. चारशेच आहेत. सारखे हलतात म्हणून जास्त दिसतात.

६ मार्च, गुरुवार
चौक रिकामा नाही, पण शिस्त लागली. सहाच्या ठोक्याला माझी सूचना झाली की अख्खा चौक एका सुरात म्हणतो, हो बाई! अंगावर काटा आला. तंत्रज्ञ हसत होता. म्हणाला, बाई, ते तुमच्या आवाजावर पाळी बदलतात. दिवसाचे उठतात, संध्याकाळचे येऊन बसतात. मी म्हटलं, म्हणजे निम्मे घरी जातात की नाही?

हे दोन तास चालून आले. घसा बसलेला. तोंड उघडं ठेवून चालता, दुसरं काय, असं म्हणून गरम पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या. म्हणाले, हो बाई. अडतीस वर्षांच्या संसारात मला कधी बाई म्हटलं नव्हतं. सूर कुठून उचलला कोण जाणे.

७ मार्च, शुक्रवार
थोरल्या साहेबांनी मन मोठं केलं. संवाद समिती नेमली. सात सदस्य. सातही त्यांचेच, पण तोंडं सात आहेत ना? वाटाघाटींसाठी चौकातून पाच जणांना बसने शहराबाहेर नेलं. नंबर सहा खणखणीत लावला : संवादाचे दार उघडे आहे.

पाचही जण अजून परतलेले नाहीत. संचालक म्हणाले, संवाद चालू आहे.

हे जेवले नाहीत. म्हणाले, अगं, त्या पाचांतली एक माझी विद्यार्थिनी. तुम्हाला कसं कळलं, विचारलं तर म्हणाले, फिरताना कळतं. चालण्याने माणसाच्या ओळखी वाढतात, हे खरं.

९ मार्च, रविवार
सुट्टी रद्द. थोरल्या साहेबांच्या समर्थनाचा मोर्चा. सगळी सरकारी कार्यालयं उत्स्फूर्तपणे आली. हजेरी दोनदा घेतली, निघताना आणि पोचल्यावर, कारण मध्ये लोक गल्ल्यांत सटकत होते. मीही एका टपरीपाशी थांबले होते, पण ते पाय दुखले म्हणून.

परतल्यावर कॅमेऱ्याच्या पडद्यावर चौक पाहिला. मध्यभागी चादरीचा फलक : 'खुर्ची सोडा'. पांढरी चादर, मोरपंखी काठ, कोपऱ्यात इस्त्रीचा जळका डाग. आमची अशीच एक चादर आठवडाभर सापडत नाही. पण इस्त्रीने चादरी जाळणाऱ्या बायका शहरात काय कमी आहेत? अक्षर मात्र सुरेख होतं. फळ्यावरचं वळण.

१० मार्च, सोमवार
चौकाचं पाणी, वीज, मोबाइल बंद केले. नंबर आठ : तांत्रिक दुरुस्तीमुळे. आम्ही दोन गल्ल्या पलीकडे, तर आमचंही सगळं गेलं. तक्रार करायची तर फोन बंद. संताप संताप झाला.

शिवाय घरातलं मोठं पातेलं आणि थर्मास गायब. यांना विचारलं. म्हणाले, एका गरजूला दिलं. मी म्हटलं, एका गरजूला पंचवीस माणसांचं पातेलं? तेव्हा हे चिडले. मला आठवतं तसं पहिल्यांदाच. म्हणाले, तू आठवडाभर चौथ्या मजल्यावरून बघते आहेस. एकदा खाली उतर आणि बघ. मी म्हटलं, मला कामं असतात. हे ताट तसंच टाकून उठले.

संकल्प : या वयात यांचं असं बोलणं खपवून घ्यायचं नाही.

१२ मार्च, बुधवार
संचालकांनी दार लावून घेतलं. नंबर अकरा रेकॉर्ड करायचा, उद्या चार वाजता वाजेल. मजकूर : नागरिकांच्या सहकार्याने चौक शांततेत मोकळा झाला आहे. कोणालाही इजा झालेली नाही.

एका दमात केला. दुसरा टेक लागला नाही. तंत्रज्ञाने हेडफोन काढले. म्हणाला, बाई, उद्या कोणाला लागलं नाही हे आज कसं कळलं? मी म्हटलं, याला नियोजन म्हणतात. तो म्हणाला, मग चौक मोकळा झाला एवढंच म्हणायचं. इजेचं कोणी विचारलं होतं? आगाऊ आहे. संचालकांकडे त्याची तक्रार करणार आहे.

घरी बोलायचा प्रश्नच नाही. गोपनीयतेची शपथ घेतली आहे.

१३ मार्च, गुरुवार. सकाळी ८
यांनी चपला सोडून नाडीचे बूट घातले. आज उशीर होईल म्हणाले. मी म्हटलं, चारच्या आत घरी या. का, विचारलं. मी म्हटलं, हवा बरी नाही. बाहेर लख्ख ऊन. यांनी वाकून नाडीची गाठ घट्ट केली. मग म्हणाले, अगं, आणखी काही सांगायचंय का? मी म्हटलं, रुमाल घ्या.

दुपारी ४.३०
आज आम्हाला मागच्या खोलीत बसवलं. पुढच्या खिडक्यांना कागद चिकटवले आहेत. चारला नंबर अकरा वाजला. खाली धाडधाड सुरू होतं ते चार वीसपर्यंत चाललं. वीस मिनिटं उशीर! मी चारला सांगून मोकळी, आणि खालच्या लोकांचं काम संपलेलं नाही. वेळ पाळायला नको? तंत्रज्ञ भिंतीला टेकून खाली बसला. म्हणाला, बाई, गोळ्या आहेत. मी म्हटलं, कोणीतरी दारं आपटतं आहे. तो म्हणाला, चौकाला दारं कुठे आहेत?

संध्याकाळी ७
हे आले नाहीत. फोन बंद. ओळखीच्यांकडे बसले असतील. ओळखी वाढवून ठेवल्या आहेत ना! भाजी झाकून ठेवली आहे.

१४ मार्च, शुक्रवार. सकाळी ११
सातलाच मोठ्या दवाखान्यात गेले. गेटच्या आत जाऊ देत नाहीत. खिडकीतली बाई माझ्याच वयाची, माझ्यासारखीच करडी. म्हणाली, रांगेत या. मी म्हटलं, कालच्या जखमींची यादी दाखवा. म्हणाली, जखमी कोणी नाहीच, तर यादी कसली? बाहेर सांगताहेत ते ऐकू येत नाही का?

गेटवरच्या भोंग्यावर दर पाच मिनिटांनी नंबर अकरा.

मी म्हटलं, अहो, तो माझाच आवाज आहे. मी सांगते, ते आदल्या दिवशी रेकॉर्ड केलेलं आहे. ती म्हणाली, मग तुम्हाला तर माहीतच असायला हवं. पुढचे या.

माझ्या मागे दोनशे माणसं असतील. सगळ्यांना हेच उत्तर मिळालं. पडवीत स्ट्रेचर ओळीने होते. एका पायात नाडीचा बूट दिसला. नाडीचे बूट काय, कोणीही घालतं. गजांतून हाका मारल्या. एकतीस वर्षांत माइकशिवाय आवाज चढवला नव्हता. अहो म्हणून मारल्या, मग नावाने मारल्या. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांचं नाव घेतलं.

घरी आले तर दारात कार्यालयाचा शिपाई. निरोप : दुपारी दोनला नंबर बाराचं रेकॉर्डिंग. बेपत्ता व्यक्तींबाबत अफवा पसरवू नयेत. त्याला म्हटलं, घसा बसला आहे, जमायचं नाही. तो म्हणाला, संचालक म्हणाले आहेत, बाई नसल्या तरी अडणार नाही, आवाज साठवून ठेवला आहे, त्यातून शब्द जुळवू.

गेटवर तासभर ओरडत होते. आत कोणाला ऐकू गेलं नाही. भोंग्यावर मीच होते.