नानभट्टीची वासलात

मी रईसा, मरहूम वहाब शेख यांची बेवा, वय सदुसष्ट, राहणार छावणी, छत्रपती संभाजीनगर. माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. जबरदस्ती कोणाची नाही. मराठी शाळेत शिकले, म्हणून स्वतःच्या हातानं मराठीत लिहिते.

१. राहतं घर आणि बँकेतली ठेव मुलगा वासिफ व मुलगी गजाला यांच्यात शरियतप्रमाणे वाटावी. त्यात मी ढवळाढवळ करत नाही.

२. घरामागची नानभट्टी, तिच्याखालची जागा आणि अवजारं सून आमरीन हिला देते. एक-तृतीयांशापर्यंत मला असं देता येतं आणि हे त्याच्या आत बसतं, असं वकिलांनी तपासलं आहे. वासिफ कंपनीत जातो. भट्टीत वाकून नान लावते ती आमरीन. तिचे हात बघा, म्हणजे कारण विचारावं लागणार नाही.

भट्टीसोबत ती बंद करण्याचा अधिकारही तिलाच देते. मला तो कोणी दिला नव्हता.

वहाब गेले तेव्हा मुलं लहान होती. शेजारपाजारचे म्हणाले, बाईमाणसाचं काम नाही, विकून टाक. मी ऐकलं नाही आणि ते बरोबरच ठरलं. त्याच भट्टीवर दोघं शिकली. पुढं गॅसच्या भट्ट्या आल्या, शादीखान्याचे ठेकेदार सगळं जेवणच आणू लागले, आमचे नान उरायला लागले. तेव्हा आमरीन म्हणाली, "अम्मी, बस करो ना अब." तिचं खरं होतं, म्हणून जास्तच राग आला. एकदा चिकाटी फळली, तर पुन्हा का नाही फळणार? त्या हट्टापायी दागिने गेले. गजालाला द्यायला साधी बांगडी उरली नाही. कपाळ माझं!

३. धाकटे दीर याह्यामियाँ यांना काहीही देत नाही. दर ईदला येऊन म्हणायचे, "भाभी, हिम्मत नक्को हारो, खानदान का नाम है." आणि स्वतःच्या मुलाच्या वलीम्याला, लग्नाच्या जेवणाला, नान मागवले ठेकेदाराकडून! मी तिथं बसून ते खाल्ले. चामड्यासारखे होते. खानदानाचं नाव राखायचं आम्ही, सरपण जाळायचं आम्ही, आणि यांनी नुसती शाबासकी द्यायची. वा रे वा!

शेजारच्या वच्छलाबाईंनी इथवर वाचलं आणि म्हणाल्या, "रईसाबी, लई कडू लिहिलं." व्हय, लिहिलं. खोडणार नाही.

४. वहाब वारले तेव्हा घरची चूल तीन दिवस पेटली नाही. जेवण वच्छलाबाईंकडून आलं. भट्टी मात्र दुसऱ्याच दिवशी पेटली. ऑर्डर घेतलेली होती, आणि याह्यामियाँ म्हणाले, धंद्याला मातम परवडत नाही. नवऱ्यासाठी मी रडले ती भट्टीत वाकून. मुलांना वाटलं, धूर लागला.

माझ्यासाठी तसं करू नये. मी गेले की त्याच दिवशी भट्टी विझवावी. ऑर्डर असेल तर परत करावी. नंतर ती पेटवायची की मातीनं बुजवायची, हे आमरीननं एकटीनं ठरवावं. तिला कोणी हिंमत देऊ नये.

हे सारं लिहून, वाचून, दोघा साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली.

सही : रईसा वहाब शेख

साक्षीदार :
१. वच्छलाबाई गायके, शेजारीण
२. सोनाजी ढाकणे, लाकूड वखारवाले

छावणी, छत्रपती संभाजीनगर
१४ नोव्हेंबर २०२५