तिसऱ्या प्रेताचा श्वास

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार (वाकून केला असं समज, कंबर धरली आहे, बसूनच लिहितो आहे). तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींची साखर ताब्यात आहे ना? इकडे आई बरी आहे म्हणायचं. जेवते, पण बोलत नाही. बाबांना जाऊन पाच महिने झाले, तरी त्यांचं शिलाई मशीन रोज पुसते.

लिहायचं कारण, मी संकलन करत होतो तो जंगलातला थरारपट एकदाचा संपत आला. जंगल म्हणजे पाण्याच्या टाकीमागची रोपवाटिका. नायक दोन दिवस जीव मुठीत घेऊन पळतो आणि अकरा वेळा एकाच झाडाला वळसा घालतो (झाडावर ‘फुले तोडू नयेत’ अशी पाटी आहे, तीनदा झाकता आली, पुढे मी नाद सोडला). गोळी उजव्या पायाला लागते, लंगडतो डावा. हेलिकॉप्टर परवडलं नाही, म्हणून सगळे नुसतेच वर बघतात आणि मागे आपल्या घरच्या मिक्सरचा आवाज लावलाय. मध्ये आई झाकण उघडते, तेही ऐकू येतं. बिबट्या बाबांनी जुन्या सोफ्याच्या कापडातून शिवला होता. सगळ्यांत बरं काम त्याचंच झालंय.

बाबा तिथे शिवणकामापुरतेच आले होते. पण तिसरं प्रेत होणाऱ्या माणसाला (हा बँकेत कारकून) ऐन वेळी रजा मिळाली नाही, तेव्हा दिग्दर्शकाने बाबांनाच गणवेश चढवून पाचोळ्यात आडवं केलं. गळ्यातली टेप काढायची राहिली ती राहिलीच. हलू नका म्हटल्यावर त्यांनी डोळे मिटले आणि त्यांना खरोखरच झोप लागली. नायक धाय मोकलून रडतोय, सुडाची शपथ घेतोय, आणि प्रेताचं पोट शांतपणे वर-खाली होतंय. एकदा तर प्रेत नाक खाजवतं.

निर्मात्याने चारदा फर्मावलं की ते प्रेत काढ, लोक हसतील. मी हो म्हणतो आणि कात्री भलतीकडेच चालवतो. आता शुक्रवारी तो स्वतः शेजारी बसून कापून घेणार आहे. त्याचं चुकत नाही. माझं मात्र कामावरून मनच उडालंय.

बाकी ठीक. भावोजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता.क. सिनेमा भिकार आहे. तू मुळीच बघू नकोस.

ता.क. २ तेवढा तुकडा मी वेगळा काढून फोनमध्येही ठेवलाय. तीनदा आईला दाखवायला गेलो, तीनदा खिशातला हात खिशातच राहिला. गुरुवारी सकाळी तिला घेऊन माझ्या संकलनाच्या खोलीत येशील का? घरात बाबांचे इतके फोटो आहेत, पण एकातही ते श्वास घेत नाहीत. इथे एकोणीस आहेत, मी मोजलेत. एकोणिसाव्यानंतर दिग्दर्शक ‘कट’ म्हणून ओरडतो आणि बाबा दचकून उठून बसतात, “कुणाचं माप घ्यायचंय?” म्हणून विचारतात. मी दर वेळी अठराव्यालाच बंद करतो. तू शेजारी असलीस तर पुढचं बघेन.