सिरका, मीठ आणि नऊ ते बारा

१६ सप्टेंबर, सोमवार

घरमालकीण विजयाकाकूंना दिल्लीहून पुण्याला जाऊन तीन आठवडे झाले. गुडघ्याचं ऑपरेशन, मग लेकीकडे आराम. जाताना म्हणाल्या होत्या, "अक्षता, मागची बाग बघशील ना गं? आणि सोसायटीच्या माळ्याला ते बाटलीतलं विष मारू देऊ नकोस. माझी गांडुळं मरतील." मी हो म्हटलं आणि एकदाही मागचं दार उघडलं नाही. आज उघडलं. विटांच्या वाटेवर गाजर गवत कमरेएवढं. मोगऱ्याच्या वाफ्यात सगळा लव्हाळा.

घरात सध्या मी एकटी. भाड्याची खोली माझी, बाकीच्यांना कुलपं. काकू गेल्यापासून कुणाशी समोरासमोर मराठी बोललेले नाही.

१८ सप्टेंबर, बुधवार

कृती सापडली. लिटरभर सिरका, मूठभर मीठ, चमचाभर भांडी घासायचं लिक्विड. साबणामुळे ते पानाला चिकटून राहतं. मारायचं भर उन्हात. मीठ मातीत मुरलं तर तिथे दुसरंही काही येत नाही, म्हणून फक्त विटांवर.

किराणावाले अंकल म्हणाले, "इतना सिरका? अचार डालना है बेटा?" मी म्हटलं, "जी." इतकं सहज! खोटं बोलायला हल्ली विचारही करावा लागत नाही.

इथे तरी खरं लिहिते. जुलैत स्पर्धा परीक्षेच्या प्रीलिमचा निकाल लागला, त्यात माझा नंबर नव्हता. सहावा प्रयत्न. शेवटचा. यानंतर बसताच येत नाही. मानवतला घरी फोन केला तेव्हा आईने नुसतं "काय झालं?" विचारलं, आणि माझ्या तोंडून निघालं — झाले पास. ती रडायलाच लागली. मग परत फिरता आलं नाही. परवापासून मेन्स. आईबाबांना वाटतंय मी पेपर लिहिणार आहे.

२० सप्टेंबर, शुक्रवार

पावणेनऊला आईचा फोन. "देवापुढे दिवा लावलाय. शांत डोक्याने लिही." नऊला फोन बंद केला. पेपर नऊ ते बारा. तोवर कुठे जायचं, काय करायचं? हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या (गाजर गवताने अंगाला खाज सुटते) आणि मोठी झाडं उपटली. उरलेल्यावर फवारलं. अंगभर सिरक्याचा वास.

साडेबाराला फोन चालू केला.

"कसा गेला निबंध?"

"चांगला."

"विषय काय होता गं?"

याचं उत्तर ठरवलंच नव्हतं. हातातल्या स्प्रेच्या बाटलीकडे बघत म्हटलं, "माणूस आणि निसर्ग." आई म्हणाली, "तुला येतो तो." बाजूला बाबांना सांगताना ऐकलं — सोपा होता म्हणे.

२१ सप्टेंबर, शनिवार

करपलं! एका दिवसात सगळं तपकिरी. फोटो काढला. पाठवायचा कोणाला? माझ्याबरोबर अभ्यास करणारी तनया खरेखुरे पेपर लिहिते आहे. निकालापासून तिचे फोनही मी उचललेले नाहीत. फोटो काढून टाकला.

२२ सप्टेंबर, रविवार

लव्हाळ्याला काही झालं नाही. म्हणजे, मोगरा झाकून बिनमिठाचं, जपून मारलं होतं, शेंडे जळलेही. पण आज बघते तर मधून हिरवी पाती वर. इतका राग आला की फोन उचलून थेट बाबांना लावला. बाबांचं तीस वर्षांचं कृषी सेवा केंद्र. गवतातलं दुसरं कोणाला विचारणार?

"बाबा, लव्हाळा सिरक्याने जळतो पण परत येतो. असं का?"

"खाली गाठ असते ना. नुसतं पान जाळून काय होतं? खुरप्याने खोल उकर. गाठ हाताला लागली पाहिजे." मग म्हणाले, "कुठे आहेस तू?"

"काकूंच्या बागेत."

"बरं. उन्हात डोक्याला बांध काहीतरी."

फोन ठेवला आणि घड्याळ दिसलं. सव्वादहा. पेपरची वेळ. तिथेच विटांवर बसले. किती वेळ ते माहीत नाही.

संध्याकाळी आईने नेहमीसारखं विचारलं, पेपर कसा गेला. म्हणजे बाबा तिला काही बोललेले नाहीत.

२४ सप्टेंबर, मंगळवार

बाबांचा फोन नाही.

२५ सप्टेंबर, बुधवार

आजही नाही. वरच्या मजल्यावरची निधी जिन्यात भेटली. "दीदी, एग्ज़ाम कैसा चल रहा है?" "बढ़िया." खोलीत येऊन दार लावलं. दिवसभरात बोललेला हा एकच शब्द.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

दुपारी बाबांना फोन केला. आधी लिहून काढलं होतं, त्यातलं एकही वाक्य बोलले नाही.

"बाबा, मी मेन्सला बसलेच नाही. प्रीलिमच नापास झाले होते."

"रविवारी कळलं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"तू सांगशील म्हणून थांबलो."

मला रडू यायला लागलं. त्यांनी फोन ठेवला नाही. आईचं विचारलं तर म्हणाले, "तिला तूच सांग. पण फोनवर एकटीने नको. मी येतो तिकडे. उद्याच्या सचखंड एक्सप्रेसला कोणीतरी बसवून देईल."

कोणीतरी बसवून देईल? बाबांना गाडीत बसवून द्यायला माणूस कशाला लागतो?

२९ सप्टेंबर, रविवार

दुपारी नवी दिल्ली स्टेशनवरून बाबांना घेऊन आले. मी समोर जाऊन हाक मारेपर्यंत त्यांनी मला ओळखलं नाही. फार गर्दी होती. मेट्रोच्या सरकत्या जिन्यावर माझा दंड घट्ट धरला.

चार वाजता स्वतःच म्हणाले, "चल, तुझा लव्हाळा दाखव." मातीत बोटं घालून गाठी काढत बसले. चेहरा भलतीकडेच, सगळं काम हाताने. मला नको वाटत असतानाही बरं वाटत होतं. मराठीत कोणीतरी बडबडत होतं शेजारी. मग त्यांनी मोगऱ्याचं कोवळं रोप मुळासकट उपटलं.

"बाबा, तो मोगरा."

त्यांनी ते अगदी नाकाजवळ नेलं, चाचपलं. "हो का," म्हणाले आणि चाचपतच परत लावलं.

३० सप्टेंबर, सोमवार

चहा घेताना बाबांनी सांगितलं. काचबिंदू आहे. दुकान गेल्या दिवाळीलाच बंद केलं. लेबल नीट दिसलं नाही, कीटकनाशक म्हणून एकाला तणनाशक दिलं. त्याचा उभा कापूस वाळला. दुसऱ्या दिवसापासून शटर उघडलं नाही. "तुझा अभ्यास बिघडला असता. तुझी आईही म्हणाली, तिला काही कळू द्यायचं नाही." म्हणजे वर्षभर तीही फोनवर मला सांगत होती — बाबा दुकानात आहेत.

मी त्यांचा हात धरला. मग आईला फोन लावला आणि आधी मी बोलले, परीक्षेचं सगळं.