बादली आमदारांना, बंदूक कुलपात

त्या दिवशी माझ्या कमरेला पिस्तूल असते, तर वर्गाच्या दाराशी आलेल्या माणसावर मी गोळी झाडली असती का? या प्रश्नाचे उत्तर मला देता येत नाही. मृत्युपत्रात कोणी प्रश्न लिहीत नाही, हे मला ठाऊक आहे. पण हे मृत्युपत्र त्या प्रश्नामुळेच लिहिले जात आहे.

मी, टेसा रूथ हॅकलर, वय सव्वीस, व्यवसाय शिक्षिका, राहणार कटर्स फोर्क, मिझुरी, पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या मर्जीने पुढील व्यवस्था लिहून ठेवते. दडपण आले ते एवढेच, की मृत्युपत्र करा. आमच्या शाळा मंडळाने काही शिक्षकांना वर्गात पिस्तूल बाळगायला सांगायचे ठरवले आहे. राज्याच्या कायद्याची त्याला मुभा आहे. निवडलेल्यांच्या हाती संमतीपत्र दिले आणि वर सल्ला दिला, की प्रशिक्षणाआधी मृत्युपत्र करून ठेवा. तो सल्ला मी मानते आहे.

एक. माझे चाकांवरचे घर, त्याखालची जमीन आणि बँकेतली शिल्लक माझी आई लोरेटा हिला द्यावी. माझे पदवीचे प्रमाणपत्र तिने आधीच नेले आहे. आमच्या घराण्यातली ती पहिली पदवी. ती टांगायला आईने स्वयंपाकघरातले हरणाचे मुंडके उतरवले, तेव्हा बाबा म्हणाले, "एवढ्या शिंगांचा नर, आणि एका कागदासाठी खाली?" आई म्हणाली, "नर काय, दर नोव्हेंबरला मिळतो."

दोन. आजोबांची रायफल. आमच्याकडे ती मुलगा-मुलगी बघत नाही. पुढच्या पिढीत जो पहिले हरीण पाडेल त्याची. मी अकराव्या वर्षी पाडले. माझा धाकटा भाऊ कोल्टन सतराव्या वर्षीच बाप झाला. त्याची सात वर्षांची मुलगी ब्रिली हिने या मोसमात पाडले, म्हणून रायफल तिची. रीत मी मोडत नाही. बंदुकीशी माझे वैर नाही. थंडीभर मीही हरणाचेच मांस खाते. अट एकच. ब्रिली सज्ञान होईपर्यंत रायफल पोलादी कपाटात राहील, गोळ्या दुसऱ्या कपाटात आणि किल्ल्या कोल्टनच्या गळ्यात. कोल्टन म्हणेल, "ताई, कायद्यात कुठं आहे असं?" नाही, कोल्टन. आपल्या राज्याचा कायदा तुला हे विचारतच नाही. म्हणून मी विचारते आहे. कपाट नसेल, तर रायफल नाही.

तीन. या अटीमागचे कारण लिहिणे भाग आहे. गेल्या नोव्हेंबरात, शिकारीच्या मोसमात, माझे वडील वेंडेल हॅकलर रानातून परतताना मला आईच्या हातचा गरम रस्सा द्यायला शाळेत आले. त्यांच्या ट्रकची काच फुटलेली होती. रायफल गाडीत ठेवली तर पोरांच्या हाती लागेल, म्हणून त्यांनी ती खांद्याला अडकवली आणि मागच्या दाराने आत आले. मागचे दार उघडेच होते. त्याच्या कुलपासाठी मंडळाला कधी पैसे सापडले नाहीत. कोणीतरी ओरडले, "बंदूक!" मी दिवे घालवले, दाराला कडी लावली आणि दुसरीच्या मुलांना भिंतीशी बसवले. पावले आली. दाराची मूठ फिरली. बाहेरचा माणूस काही बोलला नाही, कारण ते बाबा होते आणि त्यांना वाटले की वर्ग रिकामा आहे.

धावत आला तो शेरीफचा पोलीस, बाबांचा मासेमारीतला जोडीदार. तो म्हणाला, "वेंडेल, डोकं रानात विसरून आलास काय रे?"

"पोरांच्या हाताला लागू नये म्हणूनच आत आणली ना!" बाबा म्हणाले.

बाबांवर खटला झाला, आणि व्हायलाच हवा होता. पण फुटक्या काचेच्या ट्रकमध्ये भरली रायफल टाकून ते आत आले असते, तर त्यांना कोणी एका शब्दाने विचारले नसते. त्या रात्री ओसरीवर बाबांनी मला विचारले, "खरं सांग पोरी, तुझ्याकडे असती तर झाडली असतीस?" मी रश्श्याचा रिकामा डबा त्यांच्या हातात दिला. ते म्हणाले, "तुझा नेम चुकत नाही, म्हणून विचारलं."

चार. माझी नेमबाजीची सर्व पदके शाळा मंडळाचे अध्यक्ष गेन्स पर्सेल यांना द्यावीत. भरसभेत ते म्हणाले, "पहारेकरी कशाला हवा? हॅकलरची पोर शंभर पावलांवरून डबा उडवते." मला नोकरी देताना त्यांनी माझ्यात नेमके काय पाहिले, हे मला त्या दिवशी कळले. मी मुलांना वाचायला शिकवते, हे त्यांच्या पुढच्या वाक्यातही आले नाही.

पाच. माझ्या वर्गाच्या कपाटातली बादली, तिच्यातल्या मांजराच्या वाळूसह, आमदार क्लाइड रस्टन यांना द्यावी. बंदूकधारी शिरल्याच्या इशाऱ्याने दार तासन्‌तास आतून बंद असताना मुलांना लघवी लागली तर ही बादली असते. ती मी माझ्या पैशाने घेतली आहे, म्हणून द्यायचा हक्क माझा. घरातल्या आणि गाडीतल्या बंदुकांना कुलूप सक्तीचे करा, शाळेच्या दारांना पैसे द्या, हे सांगायला मी राजधानीत त्यांच्या समितीच्या सुनावणीला गेले होते.

आमदार म्हणाले, "बाई, तुमच्या शाळेत काही झालं नाही ना? मग?"

"होईपर्यंत थांबू का, साहेब?" मी विचारले.

"तरुण आहात," ते हसले. "पुढचे कोण?"

सहा. मंडळाने सांगितलेल्या दोन कागदांपैकी हा एक त्यांनी ठेवावा. संमतीपत्र मी कोरे परत केले आहे. वर्गात पिस्तूल नेणार नाही आणि वर्ग सोडणारही नाही. काल मी पुन्हा राजधानीत, जेफरसन सिटीला गेले, रांगेत उभी राहिले आणि क्लाइड रस्टन यांच्याविरुद्ध उमेदवारीचा अर्ज दाखल केला.

सही: टेसा रूथ हॅकलर

टेसा हॅकलर यांनी आमच्या देखत, शुद्धीत असताना सही केली. आम्हा दोघांना यातून काहीही मिळायचे नाही.
साक्षीदार: ओपल डिंगस, शाळेच्या स्वयंपाकीणबाई
साक्षीदार: मरे टॉलिव्हर, ग्रंथपाल

कटर्स फोर्क, मिझुरी
२८ फेब्रुवारी २०२४